केसरीनाथ मढवी यांचा खेळ सुधारल्याबाबत

सुधारणा ही आपोआप होत नसते. ती आधी ठरवावी लागते, मग आढळून येते. जगात जिथे जिथे म्हणून काही सुधारलं आहे, तिथे हाच क्रम पाळलेला दिसेल. रस्ता सुधारण्याआधी रस्ता सुधारल्याचा फलक लागतो (आणि पुष्कळदा फलक इतका भक्कम असतो, की रस्त्याची गरजच उरत नाही). भिवंडीजवळच्या दापोड्याचे केसरीनाथ मढवी यांचा गोल्फचा खेळ याच क्रमाने सुधारला. अकरा महिने तो अखंड सुधारत होता. बाराव्या महिन्यात तो खरोखरच सुधारला, आणि तिथे सगळा घोटाळा झाला.

केसरीनाथांचं वय छप्पन्न. अंगाने भरलेले, स्वभावाने शांत, गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट. मढव्यांच्या जमिनीत पूर्वी भात होत असे. आता तिथे टीव्ही होतात, टायर होतात, लहान मुलांचे लंगोट होतात आणि शहरातल्या कुत्र्यांचं खाणं होतं. गोदामं उभी राहिली, कंटेनर आत-बाहेर करू लागले आणि केसरीनाथ शेठ झाले. यात त्यांचं स्वतःचं कर्तृत्व एवढंच, की जमीन जिथे होती तिथेच राहिली आणि तेही तिथेच राहिले. हे त्यांना कोणी तोंडावर म्हणत नसे. पण त्यांना स्वतःला ते चांगलं ठाऊक होतं, आणि ते टोचायचं. आपल्या या दोन हातांनी जन्मात एक तरी गोष्ट नीट व्हावी, असं त्यांना मनापासून वाटे. यात हसण्यासारखं काही नाही (हसण्यासारखं पुढे आहे).

झालं असं, की गोदाम घेणाऱ्या एका कंपनीने जमीनमालकांना पुण्याकडच्या एका गोल्फ क्लबात जेवायला नेलं. जेवणाआधी भूक लागावी म्हणून प्रत्येकाच्या हातात एकेक काठी दिली. केसरीनाथ तरुणपणी टेनिस बॉलचं क्रिकेट खेळलेले. त्यांनी समोरचा पांढरा चेंडू बघितला, काठी घुमवली आणि चेंडू सरळ आभाळात जाऊन झेंड्याजवळ पडला. शेजारच्या टोपीवाल्या साहेबाने मान डोलावली आणि म्हणाला, "नॅचरल." मग तो साहेब जेवायला गेला आणि हा प्रसंग विसरूनही गेला. केसरीनाथ मात्र तो शब्द घेऊन दापोड्याला आले. पुढच्या आठवड्यात चौदा काठ्यांची पिशवी आली, बूट आले, आणि डाव्या हाताचा एक हातमोजा आला (उजव्या हाताचा सोबत मिळत नाही, दुकानदाराशी भांडून झालं).

आता मैदान हवं. मढव्यांकडे एकच शेत उरलं होतं, तळ्याकडचं, अडीच एकरांचं. तीन बाजूंनी गोदामांच्या पत्र्याच्या भिंती आणि चौथ्या बाजूला इतकी अरुंद वाट, की कंटेनर वळत नाही. वाट अरुंद म्हणून शेत वाचलं, आणि शेत वाचलं म्हणून केसरीनाथांच्या पत्नी तुळजाबाई त्यात अजून भात लावीत. घरच्या भाताचं पीठ, घरच्या पिठाची भाकरी, हा तुळजाबाईंचा धर्म होता. पाहुणा कितीही मोठा असो, त्याच्या पानात विकतच्या पिठाची भाकरी वाढायची त्यांना लाज वाटे. त्यामुळे शेताची बोलणी स्वयंपाकघरात, तव्यासमोर झाली.

"एक वरीस देते," भाकरी थापता थापता तुळजाबाई म्हणाल्या. "या आखातीजेपासून पुढचे आखातीजेपर्यंत. तुमचा खेल सुधारला तर शेत तुमचा. न्हाय सुधारला तर मी भात लावनार. मना इकतचे पिठाची भाकर जमत न्हाय. थापताना फाटते."

"सुधारला का न्हाय, ह्ये ठरवाचा कुनी?"

"मना काय माहीत. गावान मानसं हायेत ना."

अशा रीतीने 'खेळ-सुधारणा निरीक्षण समिती, दापोडे' अस्तित्वात आली. अध्यक्ष दौलत मास्तर; शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांना कोणी कशाचं अध्यक्ष केलं नव्हतं. पहिले सदस्य हितेश, केसरीनाथांचा भाचा. टेनिस बॉलच्या सामन्यांत माइकवर त्याचा आवाज कल्याणपर्यंत ओळखला जातो. दुसरे सदस्य लडकू, केसरीनाथांचा चुलतभाऊ, वय साठ, दोन्ही गुडघे नादुरुस्त. पिशवी वाहणं आणि हरवलेले चेंडू शोधणं हे काम लडकूने आपणहून घेतलं. तिघांपैकी कोणीही गोल्फ कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे समितीच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घ्यायला जागा राहिली नाही.

गोल्फला अठरा खड्डे लागतात. अडीच एकरांत तीन बसले. तीन खड्डे सहा वेळा खेळले की अठरा होतात, हे मास्तरांनी फळ्यावर मांडून दाखवलं. चहापत्तीचे तीन डबे जमिनीत पुरले, हितेशने आपल्या सामन्यांचे तीन झेंडे आणून लावले आणि नारळ फुटला.

पहिल्या दिवशी केसरीनाथांनी एकशे बारा फटके मारले. हितेशने माइकवर जाहीर केलं, "केसरीनाथशेठ मढवी, एकशे बारा, नाबाद." गोदामातले हमाल काम थांबवून टाळ्या वाजवायला लागले. दुसऱ्या महिन्यात आकडा एकशे अठ्ठावीसवर गेला. तिसऱ्या महिन्यात केसरीनाथांनी एकशे एक्केचाळीस केले तेव्हा लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. धामणकर नाक्यावर मोठा फलक लागला: 'सलग शतकांबद्दल आपला माणूस केसरीनाथशेठ यांचे हार्दिक अभिनंदन'. शेअर रिक्षात बसून पाचवी सीट भरायची वाट बघणाऱ्यांनी तो इतक्या वेळा वाचला, की भिवंडीत गोल्फ म्हणजे काय हे आता सर्वांना ठाऊक होतं.

फलकाचा फोटो केसरीनाथांनी मुलीला पाठवला. क्षितिजा बेंगळुरूला नोकरीला असते. तिचा लगेच फोन आला.

"पप्पा, गोल्फमध्ये कमी फटके लागले पाहिजेत. जो कमी मारतो तो जिंकतो."

"कमी मंजे किती कमी?"

"चांगले लोक बहात्तरमध्ये करतात."

केसरीनाथांनी फोन कानावरून काढून त्यातला फलकाचा फोटो पुन्हा बघितला. पलीकडे मुलगी "पप्पा, आहात ना?" म्हणत होती. जास्त धावा करून हरता येईल असा खेळ कोणी शोधून काढला असेल, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. त्या दिवशी जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. तुळजाबाईंना सगळं ऐकू गेलं होतंच. "मंजे तीन महिने खेल बिघडत होता," एवढंच त्या म्हणाल्या आणि भाताचं बियाणं पाखडायला गेल्या.

समितीची तातडीची बैठक भरली. ठराव क्रमांक चार असा: 'पहिल्या तिमाहीत समितीने सुधारणेची दिशा वर अशी धरली होती. यापुढे ती खाली अशी धरण्यात यावी. दिशा बदलली म्हणून सुधारणा थांबली असे होत नाही. किंबहुना खेळाडूने प्रथम एकशे एक्केचाळीसपर्यंत मजल मारल्यामुळेच खाली येण्यास भरपूर वाव निर्माण झाला आहे, याबद्दल समिती त्यांचे अभिनंदन करते.' नाक्यावरचा फलक मात्र राहू दिला. उतरवला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं.

यानंतर खेळ ज्या वेगाने सुधारला तो पाहून भलेभले थक्क झाले असते. (भलेभले तिकडे फिरकले नाहीत.) समितीच्या अहवालात सुधारणेची लक्षणं सविस्तर दिली आहेत. त्यांतली मुख्य तेवढी इथे सांगतो.

पहिलं लक्षण अर्थातच फटक्यांची संख्या. ती एकशे एक्केचाळीसवरून सात महिन्यांत एकोणऐंशीवर आली. मोजणीत किरकोळ शिस्त आणली, एवढंच. बांधापलीकडे गेलेला फटका खाजगी समजावा. ज्या फटक्याने चेंडू हललाच नाही तो सराव समजावा. आणि ज्या फटक्याने चेंडू मागे गेला तो एकूण संख्येतून वजा करावा, कारण उलट दिशेला वजा चिन्ह लागतं हे सहावीच्या पुस्तकात आहे. या शेवटच्या नियमामुळे एका गुरुवारी केसरीनाथ बहात्तरच्याही खाली जाऊ लागले होते. तेव्हा हितेशनेच मास्तरांना थांबवलं. एवढ्यात नको, लोकांना पचणार नाही, असं त्याचं मत पडलं.

दुसरं लक्षण, पत्र्यावरचे आवाज. चेंडू गोदामाच्या पत्र्यावर आदळला की मोठा आवाज होतो. उत्तरेकडच्या गोदामाचा वॉचमन हे आवाज मोजून रोज समितीला कळवी. सुरुवातीला दिवसाला बावीस होते. दिवाळीनंतर ते सहावर आले. "सेठ का हाथ बैठ गया है," असा लेखी अभिप्राय वॉचमनने दिला. (दिवाळीतच त्याने कानात घालायची गाणी घेतली. दोन्ही गोष्टींचा संबंध समितीला आढळला नाही.)

तिसरं, बगळे. शेतात बगळे असतात. आधी केसरीनाथांनी पिशवीची चेन उघडली, की ते उडून तळ्यापलीकडे जात. सहाव्या महिन्यापासून ते उडेनासे झाले. नुसतेच उडेनासे झाले नाहीत, तर केसरीनाथ नेम धरू लागले, की सगळे बगळे चालत चालत झेंड्याजवळ जाऊन उभे राहू लागले. मुक्या जिवांनी दाखवलेला हा विश्वास समितीने ठळक अक्षरांत नोंदवला.

मग दोषाची यादी. पहिल्या महिन्यात फटका चुकला की दोष काठीचा, हातमोज्याचा, वाऱ्याचा, बुटाचा, कंटेनरच्या हॉर्नचा आणि लडकूच्या खोकल्याचा असे. दहाव्या महिन्यात फक्त वाऱ्याचा राहिला. भाषेतही फरक पडला. पूर्वी चुकीच्या फटक्यानंतर केसरीनाथ जो शब्द काढत तो अहवालात घेण्यासारखा नव्हता. आता ते हातमोजा सोडवून तळहात बघत आणि "च्" म्हणत. टीव्हीवर मोठे खेळाडू हेच करतात, असं हितेश म्हणाला.

आणि सगळ्यांत मोठं लक्षण, चेंडू सापडण्याचं प्रमाण. हे शंभरात एकतीसवरून शंभरात अठ्ठ्याण्णववर गेलं. याचं श्रेय लडकूला द्यावं तेवढं थोडं. केसरीनाथ प्रत्येक चेंडूवर हिरव्या शाईने 'के' काढत, त्यामुळे भलताच चेंडू सापडण्याची भीती नव्हती. पुढे पुढे तर चेंडू नुसताच सापडत नसे, तर गेला होता त्याहून बऱ्या जागी सापडू लागला. एके सकाळी पश्चिमेच्या पत्र्यावर दणदणीत आवाज झाला, आणि थोड्याच वेळात पूर्वेच्या झेंड्याजवळून लडकूची हाक आली, "केसरी, घावला." मास्तरांनी वहीत लिहिलं, 'चेंडूस दिशा कळू लागली आहे.' लडकूच्या लेंग्याचे खिसे या काळात जरा फुगलेले असत, पण खिसे हा विषय समितीच्या कक्षेत येत नव्हता.

लडकू हे का करत होता, तेही सांगायला हवं. गुडघे दुखत, काटेरी झुडपात वाकवत नसे, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. चेंडू हरवला की केसरीचा चेहरा कसा होतो, ते जवळून एकटा लडकू बघत असे. लहानपणी तळ्यात कागदाची होडी बुडाली तेव्हा झाला होता तसाच. साठाव्या वर्षी तो चेहरा परत परत बघणं लडकूला सोसेना. एकदा त्याने खिशातला जुना चेंडू काढून झेंड्याजवळ सोडला आणि हाक मारली. केसरी धावत आला, चेंडू बघितला, आणि असा काही हसला की लडकूने दुसऱ्या दिवशी दोन्ही खिशांत चेंडू भरले.

आणि केसरीनाथांना काहीच कसं कळलं नाही? त्यांना चेंडू उजवीकडे जाताना दिसे, अगदी स्पष्ट दिसे. पण तो डावीकडे सापडलाय हे ऐकून तिथवर चालत जाईपर्यंत, तो डावीकडेच गेला होता असं त्यांना आठवू लागे. माणसाची आठवण फार समजूतदार असते. ते सुखात होते. चालण्यात फरक पडला. गावातल्या लग्नात लोक त्यांना खांदा कसा वळवायचा ते विचारू लागले. एकदा तर भर हळदीत त्यांनी नवरदेवाला लाटणं घेऊन उभं केलं होतं. बायकोला हरवल्याचा आनंद होताच, पण त्याहून मोठा आनंद वेगळा होता. जमिनीने दिलं नाही असं काहीतरी आपल्याला मिळालं आहे, असं त्यांना छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा वाटत होतं.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. केसरीनाथ रोज सकाळी दोनशे वेळा काठी घुमवत होते. अकरा महिने, ऊन, चिखल, सण, सुतक, एक दिवस खाडा नाही. खेळ सुधारल्याचं त्यांना स्वतःला कळवलं गेलं होतं, सगळ्या गावाला कळलं होतं, पण हातांना कोणी कळवलं नाही. हातांनी काही अहवाल वाचला नव्हता. ते आपले शिकत राहिले.

तुळजाबाईंची आखातीज, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. शेताच्या बांधावर मांडव घातला, खुर्च्या लागल्या, सरबत झालं. तुळजाबाई बियाण्याची टोपली घेऊनच आल्या होत्या. मास्तरांनी बेचाळीस पानांचा अहवाल उभं राहून वाचला. बगळ्यांच्या परिच्छेदाला टाळ्या पडल्या. वाचून झाल्यावर तुळजाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"मास्तर, मना यातला काय कलला न्हाय. तुमी लिवलाव चांगला. पन यांना एक बॉल मारू द्या. त्या झेंड्याजवल जाऊन थांबला तर शेत यांचा. मी टोपली उचलून घरी जाते."

मास्तरांनी हरकत घेतली. एका फटक्यावरून सुधारणा ठरवणं अशास्त्रीय आहे, वर्षाची सरासरी बघायला हवी, असं त्यांनी नम्रपणे मांडलं. हितेशनेही वारा सुटल्याकडे लक्ष वेधलं. लडकूचा रंग उतरला. पण केसरीनाथ हसत पुढे आले. ते कशाला घाबरतील? शंभरात अठ्ठ्याण्णव.

"ठेवा बॉल," ते म्हणाले.

लडकू झेंडा धरतो म्हणून लंगडत पलीकडे गेला आणि झेंड्याशी खाली बसला. तुळजाबाईही टोपली घेऊन त्या बाजूच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. बगळे जमलेच होते.

केसरीनाथांनी पाय रोवले. काठी मागे नेली, आणली. टक्, असा आवाज झाला. असा आवाज या शेतात आधी कधी झाला नव्हता, आणि तो त्यांच्या कानाला नाही, मनगटाला ऐकू आला. चेंडू उठला, मांडवावरून गेला (छताखालच्यांना तो दिसलाच नाही), मधला बांध ओलांडला, आभाळात बारीक झाला आणि खाली येऊ लागला. बगळे सहा महिन्यांत पहिल्यांदा उडाले. चेंडू पडला, दोन टप्पे खाल्ले, घरंगळला, झेंड्यापासून दोन हातांवर थांबला.

केसरीनाथ जागचे हलले नाहीत. चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंत त्यांनी नजरेने धरून ठेवला होता, असं त्यांनी आधी कधी केलंच नव्हतं. डोळे भरून आले. आणि मग चालायला लागल्यावर, निम्म्या वाटेत, दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. हा असा जातो तर. मग ते बाकीचे कसे गेले होते? पाऊल जड झालं. झेंड्यापाशी पोचेपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं.

झेंड्यापाशी दोन चेंडू होते. दोन्हींवर हिरवा 'के'. एक दोन हातांवर आणि एक एका हातावर. लडकूचा चेंडू नेहमीप्रमाणे जास्त जवळ होता.

मांडवातली माणसं धावत आली. हितेश माइकवर "आणि बॉल, आणि बॉल" एवढंच म्हणत राहिला होता, तो मग माइक बंद करून आला. मास्तरांनी चष्मा सारखा केला, दोन्ही चेंडूंकडे बघितलं आणि जागच्या जागी बैठक बोलावली. 'एका फटक्यात दोन चेंडू झेंड्याजवळ आढळले. अपेक्षा एकाची होती. सबब सुधारणा दोनशे टक्के.'

"मारला एक, आयले दोन?" तुळजाबाई म्हणाल्या. "यातला तुमचा कंचा?"

केसरीनाथांनी लडकूकडे बघितलं. लडकू स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होता, आणि त्याचा हात अजून खिशातच होता. केसरीनाथांच्या डोक्यात अशी सणक गेली की हातातली काठी घट्ट आवळली गेली. अकरा महिने. अकरा महिने हा मला लहान पोरासारखं खेळवत होता. आता फक्त बोट दाखवायचं होतं. हा माझा, तो ह्याने टाकलेला. खरं होतं ते. शेत राहिलं असतं, फटका राहिला असता, आणि जन्मात एक गोष्ट या हातांनी केली हे चार माणसांत ठरलं असतं. फक्त त्या चार माणसांत साठ वर्षांचा लडकू गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला असता, आणि दापोड्यात त्याला पुढे कोणत्या नावाने हाक मारली असती हे केसरीनाथांना नेमकं माहीत होतं.

ते वाकले. दोन्ही चेंडू उचलले, हातमोज्याने पुसले आणि लडकूच्या हातात दिले.

"दोनी दादाचे. खिशातून पडले असतील," ते म्हणाले. "माझा गोदामावर गेला. भात लाव."

लडकूने वर बघितलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण केसरीनाथांनी त्याला उठायला हात दिला आणि दोघं मांडवाकडे चालू लागले. समितीने आपलं काम सोडलं नाही. अहवालाला त्रेचाळिसावं पान जोडलं गेलं, त्यावर शेवटचं लक्षण आहे: 'खेळाडूने आपला फटका चुकल्याचे प्रथमच स्वतः कबूल केले. प्रामाणिकपणात लक्षणीय सुधारणा.' वर्षभरात केसरीनाथ मैदानावर जाणूनबुजून एकदाच खोटं बोलले, त्याची नोंद ही अशी झाली.

भात लागला. अश्विनात पीक आलं, झोडणी झाली, दळण झालं. भाकरी थापताना फाटत नाही. केसरीनाथ जेवतात, चांगली झालीय म्हणतात, आणि हात धुतल्यावर मोरीपाशी उभ्या उभ्या त्यांचं मनगट आपोआप एकदा मागे जाऊन पुढे येतं. तुळजाबाई ते बघतात आणि वळून चुलीत बघतात. कारण त्या दिवशी बांधावर उभ्या असताना त्यांनी लडकूला खिशात हात घालताना बघितलं होतं, आणि मग डोक्यात बसेल या भीतीने वर बघितलं तेव्हा दुसरा चेंडू आभाळातून येतानाही बघितला होता. तो पडला, दोन टप्पे खाऊन थांबला, सगळं बघितलं. नवऱ्याने मारला हे त्यांना कळलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. मग त्यांची नजर शेतावर गेली, टोपलीतल्या बियाण्यावर गेली, आणि "यातला तुमचा कंचा?" एवढंच त्या बोलल्या.

तर समितीच्या दप्तरी खऱ्या फटक्याला साक्षीदार नाही. प्रत्यक्षात, मारणारा आणि लडकू सोडले, तर दोन होते. एक तुळजाबाई, दुसरे आपण, वाचक. आपण तर पहिल्या महिन्यापासून हजर होता. खिसे फुगलेले बघून गालातल्या गालात हसलात, आणि त्यात काही वावगं नाही. आपल्या साहेबांनी वाढदिवसाला कॅरिओकेवर गाणं म्हटलं तेव्हा "सर, मागच्यापेक्षा खूपच सुधारणा" आपणच म्हणाला होता, आपल्या वहिनींच्या चित्रांखाली अंगठे आपणच उठवता. त्या वहिनींच्या हातून एकदा खरोखरच एक चित्र उतरलं होतं. ते आपण बघितलं, ओळखलं, आणि त्याखाली अंगठा न उठवता बोट पुढे सरकवलं. तुळजाबाईंना गप्प राहून निदान भात तरी मिळाला.